बडोद्याचं पत्र आणि उज्जैनचं माधवनगर

उज्जैन स्टेशनात उतरलेला यात्रेकरू बहुधा पश्चिमेच्या दारानं बाहेर पडतो आणि महाकाळाची वाट धरतो. रुळांच्या पूर्वेला, पूल ओलांडून फ्रीगंजात जायचं त्याला काही कारण नसतं. तिथं ज्योतिर्लिंग नाही, घाट नाही, गाईडबुकात नाव छापावं असं देऊळही नाही. मी मात्र मुद्दाम फ्रीगंजातच मुक्काम धरला होता. ज्या मराठी काकूंच्या घरी उतरले, त्यांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, ‘‘राजघराण्यांचं बघायला आलात आणि इकडे राहिलात? राजवाडे तर सगळे तिकडे.’’

इथं राहायचं कारण या वस्तीच्या कागदोपत्री नावात आहे. पोलीस ठाणं, सरकारी दवाखाना, डाकघर, सगळीकडे लिहिलेलं असतं माधवनगर. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्या काळात जुन्या उज्जैनच्या बाहेर ही नवी पेठ आखली गेली. व्यापाऱ्यांनी येऊन वसावं म्हणून करमाफी दिली, त्यावरून फ्रीगंज, असं इथं सगळेच सांगतात. जुन्या शहरातल्या गोपाळ मंदिराभोवतीच्या गल्ल्या आणि इथले रुंद, काटकोनात छेदणारे रस्ते एकाच गावातले वाटत नाहीत. रस्त्यांना नावं दिली आहेत विक्रमादित्याच्या नवरत्नांची. क्षपणक मार्गावर औषधांची दुकानं, घटकर्पर मार्गावर दवाखाने आणि कोचिंग क्लासेस, अमरसिंह मार्गावर कापड आणि भांडी. मध्यभागी टॉवर चौक. संध्याकाळी अख्खं फ्रीगंज या घड्याळाच्या मनोऱ्याभोवती गोळा होतं, पाणीपुरी आणि कुल्फीच्या गाड्या लागतात, कॉलेजची मुलंमुली रात्री उशिरापर्यंत गप्पा मारत उभी असतात. कोण कुणाशी लग्न करणार याचा निकाल घरात लागायचा तो लागो, पण निदान बोलणं तरी इथं उघड्यावर चालतं.

ज्या माणसाच्या नावानं ही वस्ती आहे, त्याला एका मुलीनं नकार दिला होता. हिंदुस्थानातल्या संस्थानांच्या इतिहासात इतका गाजलेला नकार दुसरा नसेल. ती गोष्ट नेहमी बडोद्याच्या किंवा कूचबिहारच्या बाजूनं सांगितली जाते. माधवरावांच्या गावात बसून ती पुन्हा वाचावी, असं मला फार दिवस वाटत होतं.

माधवरावांचा जन्म 1876 चा. वडील जयाजीराव 1886 मध्ये गेले तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. 1894 मध्ये कारभार हातात आला. यंत्रांचं वेड, रेल्वेचं तर फारच. जयविलास राजवाड्यातल्या जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी त्यांचीच हौस. चीनमधल्या बॉक्सर बंडाच्या वेळी त्यांनी स्वखर्चानं एक रुग्णनौका पाठवली होती. इंग्रजांच्या मर्जीतले राजे होते, यात शंका नाही. पण धरणं, पेठा, शाळा, रस्ते यांच्यात जीव घालणारे राजेही होते. उज्जैनपुरतं बोलायचं तर कालियादेहचा पडका महाल त्यांनी 1920 मध्ये दुरुस्त केला आणि 1923 मध्ये इथली वेधशाळा पुन्हा उभी केली.

घरात मात्र एक काळजी होती. पहिल्या राणी चिंकूराजे. त्यांना मूल नव्हतं. गादीला वारस हवा, म्हणजे दुसरं लग्न. आणि मुलगी कुठून आणायची, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. ब्रिटिश अमदानीच्या अखेरीस 21 तोफांच्या सलामीचा मान फक्त पाच संस्थानांना होता. त्यांपैकी मराठ्यांची दोनच, बडोदे आणि ग्वाल्हेर. बाकीची मराठा घराणी म्हणजे कोल्हापूर, देवासच्या दोन्ही पात्या, धार, सावंतवाडी, अक्कलकोट, फलटण, जत, मुधोळ, दूर दक्षिणेतलं सोंडूर. इंदूरचे होळकर तोलामोलाचे खरे, पण ते धनगर. होळकर आणि कागलचे घाटगे यांच्यात सोयरीक व्हायला 1924 उजाडावं लागलं, आणि तीही राजर्षी शाहू महाराजांनी आधी पुढाकार घेतला म्हणून. थोडक्यात, कुळ, तोफा आणि खजिना या तिन्ही बाजूंनी बरोबरीचं एकच स्थळ ग्वाल्हेरला होतं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची एकुलती एक मुलगी इंदिराराजे.

इंदिराराजे 1892 च्या. माधवरावांहून सोळा वर्षांनी लहान. वडिलांनी तिला मुलांच्या बरोबरीनं शिकवलं, युरोप दाखवलं. ज्या राजानं 1904 मध्ये आपल्या राज्यात बालविवाहाला बंदी घालणारा कायदा केला आणि 1906 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याची ही मुलगी. तिला सांगण्यात आलं की तू ग्वाल्हेरची दुसरी राणी होणार आहेस. तिथं पडदा कडक होता. माणूस वाईट नव्हता, उलट भला होता. पण सोळा वर्षांनी मोठा, घरात एक राणी आधीच, आणि पुढचं सगळं आयुष्य जाळीच्या आडून बघायचं.

1911 चा डिसेंबर आला. दिल्लीला पंचम जॉर्जचा दरबार भरला. हा दरबार मराठी वाचकाला माहीत आहे तो सयाजीरावांच्या मुजऱ्यामुळे. 12 डिसेंबरला अंगावर जडजवाहीर न घालता ते सम्राटासमोर गेले, एकदाच थोडं झुकले आणि पाठ फिरवून निघाले. इंग्रजी वर्तमानपत्रांनी काहूर उठवलं. बडोद्याच्या राजावर राजद्रोह्यांशी संबंध असल्याचा संशय आधीपासून होताच. याच दिवसांत, दिल्लीच्या त्या तंबूंच्या नगरीत, इंदिराराजेंची ओळख कूचबिहारच्या धाकट्या राजकुमाराशी, जितेंद्र नारायणांशी झाली. कूचबिहारला 13 तोफा. राजकुमार गादीचा वारसही नाही, थोरला भाऊ नुकताच महाराज झालेला. जात वेगळी, भाषा वेगळी, घराणं ब्राह्मो समाजाचं, राहणी पुरती विलायती. बडोद्याच्या दृष्टीनं या स्थळात नकार देण्यासारखं सगळं होतं.

त्यानंतर इंदिराराजेंनी जे केलं, त्याचं मला अजूनही नवल वाटतं. आईवडिलांना मध्ये न घालता तिनं थेट माधवरावांनाच पत्र लिहिलं: मला हे लग्न करायचं नाही. इकडे लग्नाची तयारी चालू होती. बडोद्याला ग्वाल्हेरहून तार आली ती एका ओळीची. राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय, एवढंच माधवरावांनी विचारलं होतं. सयाजीराव आणि चिमणाबाईंना त्या तारेतून पहिल्यांदा सगळं कळलं. एकोणीस वर्षांच्या मुलीनं दोन संस्थानांमधला करार मोडला होता, आणि तोही वडील सम्राटाच्या रोषाखाली असताना.

माधवरावांनी पुढे काय केलं, ते फ्रीगंजच्या एखाद्या चौकात पाटीवर लिहून ठेवावं असं आहे. त्यांना राग धरता आला असता, नुकसानभरपाई मागता आली असती, दरबारी कानात बडोद्याविरुद्ध चार शब्द घालता आले असते, आणि त्या महिन्यात ते सहज खपले असते. त्यांनी सयाजीरावांना समजुतीचं पत्र लिहिलं आणि खाली सही केली ‘आपला मुलगा’ अशी. राजकीय लग्नात जोडलं जाणारं नातं शेवटी दोन गाद्यांचं असतं. मुलगी गेली तरी माधवरावांनी ते नातं मोडू दिलं नाही. मला त्या सहीत मुत्सद्दीपणा दिसतो आणि माणुसकीही दिसते. यांतली एकच गोष्ट निवड असं कुणी म्हटलं तर मी निवडणार नाही.

सयाजीरावांनी आणि चिमणाबाईंनी मात्र मुलीला सहजासहजी सोडलं नाही. तिला युरोपात नेलं, भेटीगाठी बंद केल्या, जितेंद्रांना दूर राहायला बजावलं. अखेर 1913 मध्ये लंडनला ब्राह्मो पद्धतीनं लग्न झालं. वधूच्या घरचं कुणीही हजर नव्हतं. त्याच वर्षी थोरले बंधू राजेंद्र नारायण वारले आणि जितेंद्र कूचबिहारचे महाराज झाले. इंदिराराजे न मागता महाराणी झाल्या.

या गोष्टीतली एक व्यक्ती मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते, ती म्हणजे इंदिराराजेंची आई. चिमणाबाई मूळच्या गजराबाई, देवासच्या घाटगे घराण्यातल्या. देवास फ्रीगंजपासून सदतीस-अडतीस किलोमीटरवर. देवास रोड इथूनच निघतो. सयाजीरावांची पहिली पत्नी वारल्यावर 1885 मध्ये त्या बडोद्याला गेल्या. हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी एका सहलेखकाबरोबर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो प्रसिद्ध झाला 1911 मध्ये, म्हणजे बरोबर त्याच वर्षी. पुढे त्यांनी पडदा सोडला, आणि 1927 मध्ये पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्ष होत्या. त्यांना ढोंगी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. देवाससारख्या लहान गादीच्या सरदारघरातून आलेल्या बाईला बरोबरीच्या सोयरिकीचं मोल जितकं कळत होतं, तितकं बडोद्यात जन्मलेल्या मुलीला कळण्याचं कारण नव्हतं. तरीही त्या मुलीला पडद्याआड पाठवायला निघाल्या होत्या, हेही खरंच आहे, आणि मुलगी बरोबर होती.

सासरची कथा आणखी वेगळी. जितेंद्रांची आई सुनीतीदेवी ही केशवचंद्र सेन यांची मुलगी. केशवबाबूंनी खटपट करून 1872 चा विवाह कायदा आणवला, त्यात वधूचं किमान वय 14 ठरलं. आणि 1878 मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून त्यांनी स्वतःच्या तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न कूचबिहारच्या पंधरा वर्षांच्या राजाशी लावून दिलं. राज्य ‘सुधारलं’ जावं म्हणून सरकारला सुशिक्षित घरची राणी हवी होती. ब्राह्मो समाज त्या लग्नावरून फुटला आणि साधारण ब्राह्मो समाज वेगळा झाला. म्हणजे इंदिराराजे ज्या घरात प्रेमानं गेल्या, ते घर इंग्रजी राजकारणानं जुळवलेल्या लग्नातून उभं राहिलं होतं.

फ्रीगंजातून विद्यापीठाच्या बाजूला गेलं की कोठी रोड लागतो. शिंद्यांच्या काळातली कोठी, जिथं पुढे बरीच वर्षं जिल्ह्याच्या कचेऱ्या होत्या, आणि 1957 साली विक्रम विद्यापीठ या नावानं स्थापन झालेलं विद्यापीठ याच भागात. जवळच कालिदास अकादमी आहे. दर कार्तिकात इथं कालिदास समारोह भरतो. पण मला इथं आठवतो तो भास. उदयन आणि वासवदत्ता यांच्या कथा सांगणारे म्हातारे अवंतीत भेटतील, असं कालिदासानं मेघदूतात सुचवलंय. त्या कथांचं नाटक भासानं केलं होतं. त्याची हरवलेली नाटकं त्रावणकोरात टी. गणपती शास्त्री यांना सापडली आणि ‘स्वप्नवासवदत्त’ 1912 मध्ये छापलं गेलं. इंदिराराजेंच्या पत्राची चर्चा चालू असतानाच उज्जयिनीच्या राजकन्येची ही जुनी कहाणी पुन्हा लोकांच्या हाती येत होती.

वासवदत्ता उज्जयिनीच्या प्रद्योत महासेनाची मुलगी. कौशांबीच्या उदयनाला महासेनानं खोट्या हत्तीच्या सापळ्यात पकडून आणलं आणि मुलीला वीणा शिकवायला बसवलं. दोघं प्रेमात पडली आणि हत्तिणीवरून पळाली. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना आवडते. पुढचा भाग फार कडवट आहे. उदयनाचं राज्य शत्रूनं बळकावलं. ते परत मिळवायचं तर मगधाची मदत हवी, आणि मगधाची मदत हवी तर तिथल्या राजाची बहीण पद्मावती हिच्याशी लग्न व्हायला हवं. उदयन वासवदत्तेवाचून दुसरीकडे बघणार नाही, म्हणून मंत्री यौगंधरायणानं ती आगीत जळून मेल्याची बातमी पसरवली. वासवदत्तेच्या संमतीनं. तिला वेष पालटून पद्मावतीच्याच आश्रयाला ठेवलं. पद्मावतीची लग्नाची माळ गुंफायचं काम तिच्याच हाती येतं. सौभाग्य राखणारी वनस्पती ती माळेत घालते. सवतीचा नाश करणारी वनस्पती पुढे येते, तेव्हा ती बाजूला ठेवते आणि म्हणते की त्याची पहिली बायको तर मेली आहे, ही कशाला.

हा प्रसंग वाचताना मला चिंकूराजे आठवल्या. बडोद्याच्या सोयरिकीची बोलणी चालली, मोडली, मग माधवरावांनी गोव्याच्या राणे घराण्यातल्या गजराराजेंशी लग्न केलं, त्यांना 1914 मध्ये कमलाराजे आणि 1916 मध्ये जिवाजीराव झाले. या सगळ्यात पहिल्या राणीला काय वाटलं, हे कुणी विचारलेलं नाही. त्या प्राचीन नाटककारानं निदान पहिल्या बायकोच्या हातात माळ देऊन तिला बोलू दिलं.

महासेनाच्या बाजूनं भासानं आणखी एक गोष्ट ठेवली आहे. मुलगी पळून गेल्यावर आईवडिलांनी दोघांची चित्रं काढवून त्या चित्रांचं लग्न लावलं होतं, आणि नाटकाच्या शेवटी ती चित्रं जावयाकडे पोचतात. सयाजीराव लंडनच्या लग्नाला गेले नाहीत. महासेनानं मुलीच्या गैरहजेरीत मांडव घातला. उज्जैनच्या राजाला मी या बाबतीत मोठा मानते.

जुन्या शहरात एक चक्कर मारायची ती बायजाबाईंसाठी. छत्री चौकातलं गोपाळ मंदिर त्यांनी बांधलं. गाभाऱ्याच्या चांदीच्या दारांपाशी सदैव गर्दी असते. कागलच्या सखारामराव घाटग्यांची ही मुलगी. दौलतराव शिंद्यांना तिच्या रूपानं वेड लावलं होतं, आणि बापानं त्या वेडाची किंमत दिवाणगिरीत वसूल केली. 1798 मध्ये पुण्यात लग्न झालं, आणि सासरेबुवा सर्जेराव झालेल्या घाटग्यांनी शिंद्यांच्या पैशासाठी पुणं कसं पिळून काढलं, हे पुणेकर अजून विसरलेले नाहीत. एका बाजूनं प्रेम, दुसऱ्या बाजूनं सौदा, असं ते लग्न. पण ती बाई दोघांपेक्षाही मोठी निघाली. दौलतराव 1827 मध्ये गेल्यावर 1833 पर्यंत तिनं ग्वाल्हेर चालवलं, काशीच्या ज्ञानवापीवर मंडप बांधला, मग हद्दपारी सोसली आणि 1847 ते 1856 ही वर्षं उज्जैनात काढली. उज्जैन पाहायला एकच दिवस असेल तर महाकाळानंतर इथं या.

देवासला जायला फ्रीगंजातून बस सहज मिळते. चामुंडेच्या टेकडीखालच्या या गावात थोरली आणि धाकटी अशा पवारांच्या दोन गाद्या शेजारीशेजारी राज्य करत होत्या. थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचं लग्न 1908 मध्ये शाहू महाराजांच्या कन्येशी, अक्कासाहेबांशी झालं. मराठा घराण्यांच्या हिशेबात याहून चोख सोयरीक कोणती? ती टिकली नाही. तुकोजीरावांचे खासगी चिटणीस म्हणून 1921 मध्ये इथं राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी त्या संसाराच्या पडझडीबद्दल लिहून ठेवलं आहे. धाकट्या पातीत मात्र वेगळंच घडलं. इंदिराराजेंची धाकटी मुलगी मेनका तिथल्या यशवंतराव पवारांना दिली. आजी जिथून बडोद्याला गेली, त्याच गावी नात महाराणी होऊन आली.

इंदिराराजेंचं पुढचं आयुष्य सुखाचं होतं असं म्हणवत नाही. जितेंद्र 1922 च्या डिसेंबरात, छत्तिशीत वारले. दारूनं त्या घराची फार हानी केली. तिशीतल्या विधवेनं पाच मुलं सांभाळली आणि मुलगा वयात येईपर्यंत, 1936 पर्यंत, कूचबिहारचा कारभार पाहिला. पडद्याआडच्या दुसऱ्या राणीला हे करता आलं असतं का? बायजाबाईंकडे पाहिलं तर येतंही. पण बायजाबाई एखादीच.

वेधशाळा उज्जैनच्या दक्षिण टोकाला, क्षिप्रेच्या काठी आहे. फ्रीगंजातून रिक्षा येते. सकाळी लवकर जावं, सम्राट यंत्राची सावली वाचता येते. ऊन चांगलं असेल तर तिथले मदतनीस वेळ काढून दाखवतात आणि घड्याळाशी ताडूनही पाहायला सांगतात. नाडीवलय, दिगंश, भित्ती आणि शंकू ही यंत्रं शेजारीच. माळव्याचा सुभेदार असताना सवाई जयसिंहानं अठराव्या शतकात ही वेधशाळा बांधली, मग ती पडून राहिली. गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या ज्योतिर्विदांच्या खटपटीनं माधवरावांनी 1923 मध्ये तिचा जीर्णोद्धार केला. दोन वर्षांनी, 1925 मध्ये ते पॅरिसला वारले. वेधशाळेला नाव आहे त्यांच्या मुलाचं, जिवाजी वेधशाळा.

जयसिंहाच्या गादीवर पुढे आलेल्या सवाई मानसिंहांशी इंदिराराजेंच्या मुलीचं, गायत्रीदेवींचं लग्न झालं, 1940 च्या मे महिन्यात. मानसिंहांच्या दोन राण्या आधीच होत्या. ज्या बाईनं दुसरी राणी व्हायचं नाकारलं, तिची मुलगी प्रेमानं तिसरी व्हायला तयार झाली. इंदिराराजेंनी विरोध केला, थांबायला लावलं, आणि मग मांडव घालून लग्न लावून दिलं. आणि ज्या जिवाजीरावांचं नाव वेधशाळेच्या फाटकावर आहे, त्यांनी 1941 च्या फेब्रुवारीत मराठा घराण्यांची सगळी यादी बाजूला सारून सागरला वाढलेल्या, आजोळ नेपाळच्या राणा घराण्याचं असलेल्या लेखा दिव्येश्वरीदेवींशी लग्न केलं. ग्वाल्हेरच्या सरदारांनी नाकं मुरडली. त्या मुलीला सासरी विजयाराजे असं नाव मिळालं.